स्क्रीन रिकामी, हॉल भरलेला

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला नोकरी लागली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि आयुष्यात एकूण तीनदा विमानात बसले होते. कंपनी मात्र विमानतळांसाठी सॉफ्टवेअर करायची. विमानतळात शिरल्यावर समोरच्या स्क्रीनवर जी यादी दिसते, कुठलं विमान, कुठे जाणार, किती वाजता, कोणत्या गेटवरून, ती यादी चालवणारी यंत्रणा आमची. मोठे विमानतळ मोठ्या कंपन्यांकडे जायचे. आमच्याकडे यायचे ते लहान. उत्तर इंग्लंडमधले दोन, स्कॉटलंडच्या बेटांवरचे तीन आणि दक्षिण युरोपातल्या एका बेटावरचा एक.

मी सांगतेय ते या शेवटच्या विमानतळाबद्दल. त्या शहराचं नाव लिहीत नाही. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावापेक्षा थोडं मोठं, समुद्राकाठचं शहर होतं आणि त्याच्या पाठीशी एक जिवंत ज्वालामुखी होता. ज्वालामुखीशी माझा संबंध आठवीच्या भूगोलाच्या वहीत त्याचा उभा छेद काढण्यापुरता आलेला. लाव्हाला मी केशरी रंग दिला होता आणि बाईंनी लाल हवा म्हणून अर्धा मार्क कापला होता.

मी सपोर्ट डेस्कवर होते. सकाळी सात ते तीन. गिऱ्हाइकाचा फोन आला की उचलायचा, काय बिघडलंय ते समजून घ्यायचं, आपल्याला जमलं तर तिथल्या तिथे सोडवायचं, नाही तर प्रोग्रामरकडे द्यायचं. मला बहुतेक वेळा जमायचं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आमच्या यंत्रणेचं मॅन्युअल तीनशे पानांचं होतं आणि पहिल्या दोन महिन्यांत ते मी पूर्ण वाचलं होतं. ऑफिसात ते पूर्ण वाचलेली दुसरी व्यक्ती नव्हती.

त्या बेटावरून फोन करायची ती तिथली ड्यूटी मॅनेजर, पन्नाशीच्या पुढची बाई. विमानतळावर ती चोवीस वर्षं होती. तिचं इंग्रजी वैमानिकांशी रेडिओवर बोलून आलेलं, त्यामुळे ती लहान लहान वाक्यं बोलायची आणि प्रत्येक वाक्यानंतर मी ते परत म्हणून दाखवायची वाट बघायची. सुरुवातीला मला हे शाळेसारखं वाटलं. नंतर लक्षात आलं की या पद्धतीत चूक राहत नाही, आणि मीही इतर गिऱ्हाइकांशी तसंच बोलायला लागले. फोनवर ती आधी डोंगराची खबर द्यायची. आज धूर आहे, आज नाही, आज वारा समुद्राकडे आहे. तिच्या भाषेत डोंगर बाईमाणूस होता. "ती आज शांत आहे," असं ती म्हणायची, आणि पहिल्यांदा मला वाटलं की तिच्या सासूबद्दल बोलतेय.

त्या वर्षी माझ्यासोबत राहणारी पुण्याची मुलगी मिल्टन कीन्सला नोकरी मिळाली म्हणून गेली. तिची खोली रिकामी झाली, तेव्हा मी बाबांना बोलावून घेतलं. वहिनीचं बाळंतपण जवळ आलेलं, त्यामुळे आईला निघता आलं नाही. बाबा ऑगस्टमध्ये एकटेच आले, सहा महिन्यांच्या व्हिजावर.

बाबा यवतमाळ जिल्ह्यात एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. तालुक्याच्या स्टँडवर लहानशा खोलीत बसून कुठली गाडी कधी येणार, कुठल्या फलाटाला लागणार, हे ठरवायचं आणि माईकवरून सांगायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. बेसिंगस्टोकला आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी इथलं बस स्टेशन शोधून काढलं. त्यानंतर रोज सकाळचा चहा झाला की कोट चढवून ते तिकडे जायचे, बाकावर तासभर बसायचे आणि परत यायचे. इंग्रजी जेमतेम. पण वेळापत्रकाला भाषा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी मला कळायचं की अमुक नंबरची गाडी आज सात मिनिटं उशिरा आली आणि ड्रायव्हरने कुणाला काही सांगितलं नाही.

"इथं माणूस सांगतच नाही काही," ते म्हणायचे. "पाटी सांगते तेवढंच."

ऑक्टोबरच्या शेवटाला टीव्हीवर त्या डोंगराची चित्रं दिसली. वरून काळा धूर निघत होता, तो वाऱ्याने शहरावर येत होता, आणि लोक भर उन्हात छत्र्या उघडून चालत होते. त्यांच्यावर पडत होती ती राख. मी ते कौतुकाने बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी डेस्कवरचा फोन वाजला. तिने त्या दिवशी डोंगराची खबर दिली नाही.

"तुमची स्क्रीन रिकामी आहे," ती म्हणाली. "माझा हॉल भरलेला आहे. पुन्हा सांगते. स्क्रीन रिकामी, हॉल भरलेला."

मी ते परत म्हणून दाखवलं. मग तिने सगळं सांगितलं. पहाटेपासून धावपट्टीवर राख पडत होती. राख इंजिनात गेली तर काचेसारखी वितळून आतून चिकटते, म्हणून विमान उडवता येत नाही. झाडणारे ट्रक एकीकडून धावपट्टी साफ करत होते आणि दुसरीकडून पुन्हा राख पडत होती. विमानतळ बंद. पण विमानं रद्द नव्हती. बेटाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक विमानतळ होता, रस्त्याने अडीच तासांवर. सगळी विमानं तिथून सुटणार होती आणि प्रवाशांना बसने तिकडे न्यायचं होतं. बस दारात उभ्या होत्या. कुठल्या प्रवाशाने कुठल्या बसमध्ये बसायचं, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. दोन क्लार्क हातात कागद घेऊन ओरडत होते आणि त्या दोघांभोवती सातशे माणसं होती.

स्क्रीन रिकामी का, हे मला लगेच कळलं. आमच्या यंत्रणेत विमान "रद्द" असं टाकलं की अर्ध्या तासाने ती ओळ यादीतून आपोआप निघून जायची. स्कॉटलंडच्या धुक्यातल्या विमानतळांनीच तसं मागितलं होतं. रद्द झालेल्या विमानांनी यादी भरून जाऊ नये, म्हणून. तिथे सगळीच विमानं "रद्द" टाकली होती, कारण दुसरं काही टाकायची सोयच नव्हती. अर्ध्या तासाने यादी संपली.

अर्धा तास संपल्यावर ओळ काढायचा नियम मी मोडेमवरून तिथल्या मशीनमध्ये शिरून बंद केला. स्क्रीन पुन्हा भरली. सगळीकडे एकच शब्द, रद्द, रद्द, रद्द. स्क्रीनच्या तळाला सरकणारी एक पट्टी असते, तिच्यात "बससाठी कर्मचाऱ्यांना विचारा" असं ड्यूटी मॅनेजरकडून तिच्या भाषेत लिहून घेऊन टाकलं. दुपारी तिचा पुन्हा फोन आला. आता सातशेच्या सातशे माणसं कर्मचाऱ्यांना विचारत होती.

आमचा मॅनेजर इंग्रज होता, साठीला आलेला. ऑफिसात यायच्या आधी वीस वर्षं त्याने स्वतः एक लहान विमानतळ चालवला होता. तो कमी बोलायचा आणि सकाळी साडेअकराला डेस्कवरच सँडविच खायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, प्रोग्रामरला नवी सोय करायला किमान तीन आठवडे लागतील, तोवर कुणीतरी तिथे जाऊन बसायला हवं. मग माझ्याकडे बघितलं. यंत्रणा सगळ्यात जास्त मला माहीत होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, माझा पासपोर्ट क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसात आहे. वर्क परमिटची मुदत वाढवायला पाठवलेला, नेहमीप्रमाणे काही आठवडे लागणार होते. आणि तो हातात असता तरी युरोपात जायला मला वेगळा व्हिजा लागला असता, त्याला आणखी आठवडा. त्याला हे नवीन होतं. ज्या देशाच्या विमानतळाची यादी मी दिवसभर हलवत होते तिथे मला पाऊल टाकता येत नाही, यावर त्याने थोडा वेळ विचार केला. "मग इथूनच कर," तो म्हणाला.

मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. इथूनच कर म्हणजे तूच कर.

घरी गेले तेव्हा बाबांनी ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. पीठ लंडनच्या साउथॉलहून एका ओळखीच्या माणसाबरोबर आणवलेलं. जेवताना मी त्यांना दिवसभराचं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. कामाचं इतकं मी त्यांना त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं की कॉम्प्युटरचं त्यांना काय कळणार.

"बोर्डावर काय लिहिलं म्हणते तू?" त्यांनी विचारलं.

"रद्द."

"काहून?"

मी म्हटलं, दुसरं काही लिहायची सोय नाही. ते भाकरी खाली ठेवून हसले. मग त्यांनी पावसाळ्यातली गोष्ट सांगितली, जी मला लहानपणापासून माहीत होती पण कधी नीट ऐकलेली नव्हती. आमच्या तालुक्याच्या अलीकडे एक बुटका पूल होता. नदीला पूर आला की पुलावरून पाणी जायचं आणि गाडी पलीकडे जाऊ शकायची नाही. तेव्हा बाबा काय करायचे? गाडी अलीकडच्या काठापर्यंत सोडायचे, पलीकडच्या डेपोला फोन करून तिथून दुसरी गाडी बोलवायचे, आणि पाणी पायी जाण्याइतकं उतरलं की माणसं पूल ओलांडून त्या गाडीत बसायची.

"रद्द असं म्या फळ्यावर कधी लिहिलं नाही," ते म्हणाले. "रद्द लिहिलं का माणूस खिडकीवर येते. तीन नंबरच्या फलाटावरून, साडेदहाले, पुलापर्यंत, असं लिहिलं का माणूस फलाटावर जाते. लोकाइले कुठं उभं राहायचं ते पाहिजेन. बाकीचं त्याइचं ते पाहतात."

मी जेवण तसंच ठेवून उठले आणि मॅन्युअल उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मीच ड्यूटी मॅनेजरला फोन केला. म्हटलं, बसला आपण विमान म्हणू या. प्रत्येक बस म्हणजे एक उड्डाण. तिला नंबर द्यायचा, सुटायची वेळ द्यायची, आणि गेट द्यायचं. गेट म्हणजे बाहेर पार्किंगमध्ये बस जिथे उभी राहील ती जागा. यंत्रणेत एक ते आठच गेटं होती, मी आणखी सहा घातली, एकवीस ते सव्वीस. तिने तिच्या माणसांकडून पुठ्ठ्यावर मोठे आकडे लिहून घेतले आणि पार्किंगमधल्या दिव्यांच्या खांबांना बांधले.

अडचण एकच होती. एका बसमध्ये तीन-चार विमानांचे प्रवासी जाणार, आणि प्रवाशाला फक्त स्वतःच्या विमानाचा नंबर माहीत असतो. त्याचं उत्तर मॅन्युअलच्या दोनशे बाराव्या पानावर होतं. एकाच विमानाची तिकिटं दोन-तीन कंपन्या आपापल्या नंबराने विकतात, तेव्हा स्क्रीनवर एकाच ओळीत ते नंबर आळीपाळीने दिसतात. ती सोय मी बसला लावली. बस हे विमान, आणि खरी विमानं ही तिची टोपणनावं. प्रवासी स्वतःचा नंबर ओळीत येताना बघणार, त्यापुढे वेळ बघणार, गेट तेवीस बघणार आणि बाहेर जाऊन तेवीसच्या पुठ्ठ्याखाली उभा राहणार.

मॅनेजरला दाखवलं. तो माझ्यामागे उभा राहून बघत होता. त्याने एकच प्रश्न विचारला, ही यादी आणखी कुठे जाते?

"कुठेही नाही," मी म्हटलं.

आठ वाजून वीस मिनिटांनी पहिल्या बारा बस यादीत गेल्या. मी फोन कानाला लावूनच होते. पलीकडे हॉलचा आवाज येत होता, बाजारातल्यासारखा. ती हॉलकडे बघत होती. पाच-सात मिनिटांनी आवाज बदलला. कमी झाला असं नाही, लांब गेला. मग तिने सांगितलं की माणसं दाराकडे चालायला लागली आहेत. एक म्हातारं जोडपं बॅगा ओढत पंचवीस नंबरच्या पुठ्ठ्याखाली जाऊन उभं राहिलंय, डोक्यावर छत्री धरून, आणि त्यांना तिथे जा असं कुणीही सांगितलेलं नाही.

तो सबंध दिवस मी खुर्चीवरून उठले नाही. बस भरली की ती सांगायची, मी ओळ काढायची आणि पुढची टाकायची. वारा फिरला की विमानतळ दोन तास उघडायचा, काही विमानं खरी सुटायची, मग पुन्हा बंद. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी मी किती बस उडवल्या ते मोजलं नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं की फलाटाचे आकडे लांबून दिसत होते का.

शुक्रवारी मॅनेजरने आत बोलावलं. टेबलावर फॅक्सचा एक कागद होता. त्या देशाच्या राजधानीतल्या नागरी विमान खात्याने पाठवलेला. यादीची एक प्रत रोज आपोआप त्यांच्याकडे जात होती, हे मला माहीत नव्हतं. ती सोय आमच्या यंत्रणेत नव्हती, तिथल्या लोकांनी स्वतः बाजूला लावून घेतली होती, म्हणून मॅन्युअलमध्ये तिचा उल्लेख नव्हता. खात्याला दिसलं ते असं, की राखेमुळे बंद असलेल्या विमानतळावरून दोन दिवसांत साठावर विमानं उडाली. आणि त्यात आणखी एक. यंत्रणेत प्रत्येक उड्डाणाला विमानाचा प्रकार द्यावाच लागतो. मी यादीतला सगळ्यात लहान प्रकार निवडला होता, बारा आसनी, पंख्यांचा. खात्याने अत्यंत सभ्य भाषेत विचारलं होतं की बारा आसनी विमानातून एका वेळी पन्नास प्रवासी कसे गेले, आणि राखेत कसे गेले.

"तू म्हणालीस कुठेही जात नाही," मॅनेजर म्हणाला.

"मला खात्री होती."

"तू तपासलं होतंस का?"

नव्हतं तपासलं. मी तसं सांगितलं. पण मी मान खाली घातली नाही, कारण बसची कल्पना चुकीची होती असं मला तेव्हाही वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. चूक होती ती न बघता उत्तर देण्यात. तिला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. मॅनेजर रागावला नाही. त्याने सांगितलं की खात्याला पत्र तू लिही, सही मी करतो, आणि त्या यादीतून बसच्या ओळी गाळून नवी प्रत आजच पाठव. मग कागद घडी करताना म्हणाला की विमानांच्या प्रकारांची जी जागतिक यादी असते तिच्यात बससाठी वेगळा कोड असतो, फार जुना. आमच्या यादीत तो कुणी घातला नव्हता, कारण कुणाला कधी लागला नव्हता. ही गोष्ट मला माहीत नव्हती, आणि मॅन्युअल पाठ असल्याचा माझा तोरा त्या दिवशी थोडा उतरला.

पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोन वेळा त्यात फार कारणं झाली होती. तिसऱ्यांदा चार वाक्यांत काय केलं, का केलं, काय चुकलं आणि आता काय दुरुस्त केलं, एवढंच लिहिलं. सोमवारी खात्याचं उत्तर आलं, नवी प्रत मिळाली, आभार. ड्यूटी मॅनेजरने मला फोनवर सांगितलं की तिच्या ऑफिसात आता पार्किंगला लोक "बाराआसनी" म्हणतात.

नोव्हेंबरच्या शेवटी नवी सोय तयार झाली. आता बस ही बस म्हणूनच टाकता येणार होती. ती तपासून पसंत करायला विमानतळाने तिलाच पाठवलं, तीन दिवसांसाठी. ती इंग्लंडला पहिल्यांदा येत होती. मी स्टेशनवर घ्यायला गेले. फोनवरच्या आवाजावरून मी उंच बाई धरून चालले होते. समोर आली ती माझ्या खांद्याला लागणारी, जाड भिंगाचा चष्मा, हातात भली मोठी पर्स. गाडीतून जाताना बेसिंगस्टोकचे गोल चौक एकामागून एक लागले तेव्हा तिने विचारलं की आपण रस्ता चुकलोय का.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला घरी जेवायला बोलावलं. बाबा सकाळपासून अस्वस्थ होते. मॅडमले तिखट चालते का, खाली बसते का खुर्चीवर, हे त्यांनी चार वेळा विचारलं. शेवटी भरीत, वरण, भात आणि भाकरी असा बेत झाला, ठेचा वेगळ्या वाटीत. ती आली, बाबांनी नमस्कार केला, तिने हात पुढे केला, आणि दोघं थोडी गोंधळली. मग मी ओळख करून दिली. हे माझे वडील, यांनी एकतीस वर्षं बसस्टँड चालवलं. पुठ्ठ्याखाली माणसं उभी करायची कल्पना मुळात यांची.

तिने ते ऐकलं आणि खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसली. त्यानंतर तासभर मी फक्त दुभाषी होते. ती इंग्रजीत विचारायची, मी मराठीत सांगायचे, बाबा वऱ्हाडीत बोलायचे, मी इंग्रजी करायचे. तिने विचारलं, दिवसाला किती गाड्या? ड्रायव्हर ऐकायचे का? वरचे साहेब फोन करून त्रास द्यायचे का? बाबांनी विचारलं, धावपट्टी झाडायला किती माणसं? ओली झाली का राख कशी होते? सिमेंटसारखी, ती म्हणाली. बाबांनी समजल्यासारखी मान हलवली, कारण पुरानंतर स्टँडवरचा गाळ वाळला की तसाच व्हायचा. जेवण मध्येच कधीतरी झालं. तिने ठेचा दोनदा घेतला.

मग तिने एक प्रश्न विचारला. तो तिने आधीपासून मनात ठेवला असावा.

"पुढची बस कधी येणार हे तुम्हालाच माहीत नसेल, तेव्हा तुम्ही काय सांगता?"

मी भाषांतर केलं. बाबांना यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

"तेव्हाही सांगतो," ते म्हणाले. "मले माहीत नाही, अर्ध्या घंट्यानं पुन्हा सांगतो, असं सांगतो. अन् अर्ध्या घंट्यानं माईकवर येतो. काही खबर नसली तरी येतो, अन् खबर नाही म्हणून सांगतो."

मी इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली की तिच्या साहेबांचा नियम याच्या उलट आहे, नक्की माहिती मिळेपर्यंत काही जाहीर करायचं नाही. त्या पहिल्या सकाळी ती तीन तास काहीच बोलली नव्हती, कारण तिला बोलायची परवानगी नव्हती. एका माणसाने तिच्या केबिनच्या काचेवर हात आपटून विचारलं होतं, तू आत आहेस की नाही. हे तिने मला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबा उठले, तिच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला आणि म्हणाले, "साहेब हॉलमंधी उभा राहत नाही, म्हणून तसं म्हणते." हे मी जसंच्या तसं सांगितलं. ती हसली, आणि चष्मा काढून पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी तपासणी संपली, सह्या करायची वेळ आली, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, एक रकाना कमी आहे. मला स्क्रीनवर लिहायचंय, पुढची माहिती इतक्या वाजता. मॅनेजर म्हणाला, हे मूळ मागणीत नव्हतं. ती म्हणाली, बरोबर, नव्हतं. आणि पेन तसंच ठेवून बसून राहिली. मी मध्ये पडले. म्हटलं, वेळेचा एक रिकामा रकाना आपल्याकडे आहे, फक्त दाखवायचा आहे, आणि या वेळी मी तपासलंय, तो दुसरीकडे कुठेही जात नाही. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, मग प्रोग्रामरला बोलावलं. जेवणाच्या सुट्टीनंतर रकाना तयार होता. तिने तीन प्रतींवर सह्या केल्या. साहेबांची परवानगी कशी मिळवली हे तिने नंतर कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

माझा पासपोर्ट नाताळच्या आधी आला. बाबा फेब्रुवारीत परत गेले, जाताना बेसिंगस्टोकच्या बसच्या वेळापत्रकाची एक घडी केलेली प्रत घेऊन. मार्चमध्ये मला सपोर्टवरून काढून डिझाइनला बसवलं. गिऱ्हाइकाकडे जायचं, त्याला काय हवंय ते ऐकायचं, आणि प्रोग्रामरला कळेल असं लिहायचं, हे नवं काम. त्या कामात मी पुढे पंधरा वर्षं काढली आणि ते चांगलं केलं.

पुढच्या हिवाळ्यात तो डोंगर पुन्हा राख टाकायला लागला. मला रेडिओवर कळलं. मी साडेसहालाच ऑफिसात जाऊन माझ्या जुन्या डेस्कवर बसले. सात वाजले, आठ वाजले, फोन आला नाही. नऊला न राहवून मीच लावला.

"मी कामात आहे," ती म्हणाली. "अकरा बस सुटायच्या आहेत. तुला काही हवंय का?"

मी म्हटलं, नाही. तिने फोन ठेवला. मी कॉफी घेतली आणि वर माझ्या जागेवर गेले, तिथे स्कॉटलंडच्या एका बेटावरचे लोक माझी वाट बघत होते आणि त्यांना धुक्याबद्दल बोलायचं होतं.